भाता आणि सोरा



आपल्या शिरूरच्या नावाला 'कासार' हा शब्द जोडलेला आहे, आणि आजचा विषय आम्हांला त्या शब्दापासूनच सुरू करायचा आहे. कासार म्हणजे तांब्या-पितळेवर पोट भरणारा कारागीर. त्याच्या घरी दोन वस्तू हमखास असायच्या, मूस आणि भाता. कोळसा तोच, भट्टीही तीच. पण भाता चालू झाला की निखाऱ्याचा तांबूस रंग पांढुरका होई आणि एरवी न वितळणारे तांबे पाण्यासारखे वाहू लागे. कासाराने कोळसा वाढवलेला नसे, वाढवलेला असे तो फक्त वारा. एंजिनाचा जो इतिहास आज सांगायचा आहे त्याचे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे.

हा विषय आम्ही का निवडला, तेही सांगतो. चैत्र लागला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन कारखान्यांकडे गेलेली माणसे आपापल्या वाड्यावस्त्यांवर परतली आहेत किंवा परतीच्या वाटेवर आहेत. त्यांच्याबरोबर ट्रॅक्टर परतले आहेत, ट्रका परतल्या आहेत, आणि त्या चालवणारी तरुण मुलेही. या मुलांशी बोलायला बसले की गोष्ट एंजिनावर येते. चित्रपटात त्यांनी पाहिलेले असते की मोटारीत एक निळी टाकी आहे, नायक कळ दाबतो आणि मोटार बाणासारखी सुटते. मग ती विचारतात, 'या टाकीत असते तरी काय? टर्बो असलेल्या एंजिनाला ही टाकी जोडली तर काय होईल?' प्रश्न चांगला आहे. त्याला हसून वाटेला लावणे आम्हांला बरे वाटले नाही. त्याचे खरे उत्तर सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे आणि त्या इतिहासात मराठी माणसाचाही थोडा भाग आहे.

मोटारीचे एंजिन ही एक भट्टीच आहे. बंद सिलिंडरमध्ये इंधन जळते, वायू तापतो, फुगतो आणि दट्ट्याला ढकलतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलमागे ती हवा नऊ हजार लिटरांच्या घरात जाते. म्हणजे इंधन अधिक पाजणे सोपे, अडचण आहे ती हवेची. सिलिंडरच्या पोटात मावेल तेवढीच हवा आत येणार आणि त्या हवेच्या शंभर भागांत प्राणवायू जेमतेम एकवीस. उरलेला जवळजवळ सगळा नत्रवायू, जो जळण्याच्या कामी येत नाही. तेव्हा ज्याला त्याच सिलिंडरमधून अधिक ताकद काढायची आहे, त्याने कसेही करून अधिक प्राणवायू आत घातला पाहिजे.

आग भडकवण्याच्या दोन रीती माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होत्या. एक भात्याची, बाहेरची हवा जोराने आत रेटायची. दुसरी सोऱ्याची. बंदुकीच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. ती दारू नळीत ठासून चारी बाजूंनी बंद केली तरी पेटते, कारण तिला बाहेरच्या हवेची गरजच नसते. तिचा प्राणवायू सोऱ्यात बांधलेला असतो. बिहारचा सोरा पाटण्याहून गलबते भरभरून युरोपात जाई. डच आणि इंग्रज कंपन्यांच्या मालात तो महत्त्वाचा जिन्नस होता. भाता आणि सोरा या दोन्ही रीती एंजिनात आल्या. भात्याचे नाव झाले सुपरचार्जर, आणि सोऱ्याच्या जागी आला त्याच्याच नात्यातला एक वायू, नायट्रस ऑक्साइड.

आधी भात्याची हकीकत पाहू. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात रूट्स आडनावाच्या भावांनी १८६० साली एक पंखा-यंत्र पेटंट केले. दोन पाळी एकमेकींत गुंतून फिरतात आणि हवा पुढे लोटतात. तो लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्याच्या कामी लागला. म्हणजे तो खरोखरीचा भाताच होता. पुढे जर्मनीत गोटलीब डाइमलरने १८८५ साली एंजिनात हवा दाबून भरण्याचे पेटंट घेतले. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली आणखी एक पाऊल टाकले. एंजिनातून जो तप्त धूर वाया जातो, त्याच्याच जोरावर चक्र फिरवून भाता चालवावा, ही त्याची कल्पना. आज आपण ज्याला टर्बो म्हणतो तो हाच. साध्या सुपरचार्जरला एंजिनच आपल्या ताकदीतला वाटा देऊन फिरवते. टर्बो मुख्यतः उकिरड्यावर जाणाऱ्या उष्णतेतून आपली मजुरी काढून घेतो.

मोटारीच्या शर्यतीत हा भाता शिरला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९२३ साली फियाट कंपनीच्या सुपरचार्जर बसवलेल्या गाडीने इटलीची ग्रां प्री जिंकली. लागलीच मोठमोठ्या कारखान्यांत चढाओढ लागली. परंतु सर्वांनाच ही रीत पसंत नव्हती. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. ओ. बेंटली यांचे मत असे, की ताकद हवी तर एंजिन मोठे करा. लहान एंजिनात वारा ठासणे म्हणजे चांगल्या रचनेची नासाडी होय. त्यांचाच शर्यतपटू बर्किन हट्टाला पेटला आणि 'ब्लोअर बेंटली' तयार झाली. ती धावली खरी जोरात. १९३० साली पो येथे फ्रेंच ग्रां प्रीत बर्किन दुसरा आला. पण ज्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत साध्या बेंटल्यांनी वारंवार विजय मिळवला, ती शर्यत ब्लोअर बेंटलीला कधी जिंकता आली नाही. वेग आणि टिकाऊपणा यांचा हा पहिला मोठा वाद.

याच काळात सुपरचार्जर मराठी घरात आला. ते घर होते इंदूरच्या होळकरांचे. शिरूरकरांना होळकर परके नाहीत. पाटोद्याच्या पलीकडे जामखेड तालुक्यात चौंडी आहे. १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म तेथला, आणि आज तो जिल्हाच त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच गादीवर १९२६ साली यशवंतराव होळकर दुसरे आले. वय कोवळे, शिक्षण विलायतेचे, दृष्टी अगदी नव्या काळाची. त्यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस याच्याकडून माणिकबाग हा राजवाडा बांधवून घेतला. मोटारींचीही त्यांना तशीच जाण होती. १९३५-३६ च्या सुमारास त्यांच्यासाठी ड्यूसेनबर्ग एस-जे ही गाडी तयार झाली. सांगाडा आणि एंजिन इंडियानापोलिसचे, वरची दोन माणसांची डौलदार काया लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यातली, रंग केशरी आणि काळा.

या गाडीच्या एंजिनाकडे क्षणभर पाहू. एका रांगेत आठ सिलिंडर, पोट जवळजवळ सात लिटरांचे. भात्याशिवाय त्याची ताकद २६५ अश्वशक्ती सांगत; भाता जोडला की ३२०. भाता म्हणजे येथे एक पंख्याचे चक्र, जे क्रँकशाफ्टच्या कित्येक पटींनी गरगरते. त्या काळी आपल्याकडच्या रस्त्यांवर बैलगाडी हेच मुख्य वाहन होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ३२० अश्वशक्ती ही काय चीज असेल याची कल्पना येते.

होळकरांच्या हौशीला नावे ठेवण्यासाठी ही हकीकत आम्ही सांगत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की जगातला उत्तम सुपरचार्जर मराठी माणसाच्या दारी १९३६ च्या सुमारास येऊ शकत होता, पण तो विकत घेतलेला होता. त्यातील दातेरी चाक बनवण्याची विद्या इंदुरात नव्हती आणि पुण्यामुंबईतही नव्हती. ती विद्या आपल्याकडे आली ती राजवाड्यातून नव्हे, तर नांगराच्या फाळाच्या वाटेने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर कारखाना काढला. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा कारखाना उभा राहिला. आपल्या विहिरींवर जी एंजिने ठकठक करीत पाणी काढीत होती, ती या परंपरेतली. १९६२ साली पुण्याच्या कोथरूड भागात किर्लोस्कर कमिन्स कंपनी निघाली.

या कमिन्स नावामागेही टर्बोची एक गोष्ट आहे आणि ती आपल्या धुळीच्या मुलखाने ऐकावी अशी आहे. १९५२ साली अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीने टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. डिझेल म्हणजे ट्रकचे एंजिन, ते शर्यतीत काय धावणार, असे लोक म्हणत. तिने पात्रता फेरीत पहिले स्थान घेतले! पण प्रत्यक्ष शर्यतीत ती शंभर फेऱ्याही पुऱ्या करू शकली नाही. कारण काय, तर टर्बोच्या हवा घेण्याच्या तोंडाशी रस्त्यावरच्या रबराचा चुरा जाऊन बसला आणि त्याचा श्वास कोंडला. आपल्याकडे वैशाखात ट्रॅक्टरमागे जो धुरळा उठतो तो पाहिला म्हणजे आम्हांला ही शर्यत आठवते. एअर फिल्टर झटकण्याचा कंटाळा करणाऱ्याने टर्बोच्या बढाया मारू नयेत.

आता सोऱ्याकडे वळू. नायट्रस ऑक्साइड प्रीस्टलीने १७७२ साली शोधला. हम्फ्री डेव्ही या तरुणाने ब्रिस्टल येथे १७९९ मध्ये तो स्वतः हुंगून पाहिला आणि त्याला हसू आवरेना. तेव्हापासून हा 'हसवणारा वायू'. वेदना कमी होतात हेही डेव्हीने १८०० साली लिहून ठेवले, तथापि दात काढताना त्याचा उपयोग करायला १८४४ साल उजाडले. आजही रुग्णालयात भूल देताना तो वापरतात. या वायूत नत्राचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक. वजनाने पाहिले तर हवेत प्राणवायू शेकडा तेवीस, यात शेकडा छत्तीस. एंजिनातल्या ज्वाळेत तो फुटतो, प्राणवायू मोकळा होतो आणि फुटताना वर थोडी उष्णताही देतो. तो दाबाखाली द्रव होतो, म्हणून लहानशा टाकीत पुष्कळ मावतो. टाकीतून सुटला की उणे ८८ अंशांना उकळतो आणि भोवतालची हवा थंडगार करतो.

भाता आणि सोरा यांची गाठ पडली ती आकाशात, दुसऱ्या महायुद्धात. उंचावर हवा विरळ होते. लेहच्या उंचीवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो. साधे एंजिन तेथे धापा टाकते. म्हणून लढाऊ विमानांना सुपरचार्जर हवाच होता. पण प्रत्येक भात्याची एक मर्यादा असते. ठराविक उंचीच्या वर तोही अपुरा पडतो. या मर्यादेच्या वर काय करायचे, या प्रश्नाला दोन राष्ट्रांनी दोन उत्तरे दिली.

जर्मनांचे उत्तर होते सोरा. सुपरचार्जर असलेल्या विमानाच्या पोटात नायट्रस ऑक्साइडची टाकी ठेवायची, आणि भाता थकला की तो वायू एंजिनात सोडायचा. या युक्तीला त्यांनी 'जीएम-१' नाव दिले, म्हणजे गोरिंग-मिश्रण. सैनिक थट्टेने तिला 'हा-हा यंत्र' म्हणत. १९४० नंतर मेसरश्मिट १०९ च्या काही जातींत ती बसवली गेली आणि युद्धाच्या अखेरीस टा १५२ एच या उंच उडणाऱ्या विमानातही होती. आमच्या तरुण मित्रांनी विचारलेल्या प्रश्नाचे इतिहासातले पहिले मोठे उत्तर हेच. सुपरचार्जर आणि नायट्रस एकत्र चालतात का? चालतात, आणि चांगले चालतात. भाता हवा दाबतो तेव्हा ती तापते. दाब दीडपट केला तर चाळीस-साठ अंशांनी सहज चढते. तापलेली हवा पुन्हा विरळ होते आणि एंजिनात अवेळी पेट घेण्याची भीती वाढते. नायट्रस तीच हवा थंड करतो आणि वर प्राणवायू देतो. म्हणजे एकाचा दोष दुसरा झाकतो.

इंग्रजांनीही मॉस्किटो जातीच्या काही विमानांत हा वायू वापरला; पण त्यांचे मुख्य उत्तर वेगळे होते. रोल्स-रॉइस कारखान्यात स्टॅन्ली हूकर नावाचा गणिती १९३८ साली आला. तो मोटारीचा कारागीर नव्हता. त्याने मर्लिन एंजिनाच्या भात्याचे गणित नव्याने मांडले. पुढे एकामागे एक असे दोन भाते, आणि तापलेली हवा निववण्यासाठी मध्ये पाण्याने थंड होणारी पेटी, अशी रचना झाली. १९४२ साली हे एंजिन नवव्या जातीच्या स्पिटफायरमध्ये आले. सिलिंडरांचे पोट तेच सत्तावीस लिटरांचे. युद्धाच्या प्रारंभी त्यातून हजाराच्या आसपास अश्वशक्ती निघे. आता ती दीड हजारांच्या पुढे गेली. टाकी नाही, आणि टाकी संपण्याची भीतीही नाही.

या दोन उत्तरांतला फरक सांगायला आपल्या भागात एक शब्द आयता आहे. तो म्हणजे उचल. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल म्हणजे काय, हे या सभेत समजावून सांगण्याची गरज नाही. हाती आली तेव्हा घर भरल्यासारखे वाटते. मोजून असते, लवकर सरते, आणि फेडायची मात्र अंगमेहनतीने. नायट्रस ही एंजिनाची उचल आहे. वैमानिकाला ती काही मिनिटे देवासारखी धावून येई. मग टाकी रिकामी होई आणि तिचे ओझे मात्र उड्डाणभर वाहावे लागे. हूकरचा भाता ही कमाई होती. ती उशिरा आली, पण आल्यावर गेली नाही.

आपल्या स्वतंत्र भारतालाही या कमाईचा उपयोग झाला. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या ओबडधोबड धावपट्टीवर पहिले डाकोटा विमान उतरवले. हिमालयाच्या खिंडींवरून ते जड विमान गेले ते एंजिनात असलेल्या भात्याच्या बळावर. त्या दिवशी सुपरचार्जर ही कोणाच्या हौशीची वस्तू नव्हती. लेह वाचवायचे होते.

युद्ध संपले आणि 'हा-हा यंत्र' शर्यतीच्या मैदानात उतरले. अमेरिकेत हौशी लोक मोटारीत गुपचूप टाक्या लपवू लागले. १९७६ साली डेटोनाच्या प्रसिद्ध शर्यतीत पात्रता फेरीतल्या नामवंतांच्या वेळा या कारणावरून रद्द कराव्या लागल्या. १९७८ साली एन-ओ-एस ही कंपनी निघाली आणि टाकी उघडपणे दुकानात आली. पुढे चित्रपट आले आणि ती आपल्या मुलांच्या मोबाइलपर्यंत पोहोचली.

आता त्यांच्या प्रश्नाचा उरलेला भाग. भाता आणि सोरा एकत्र लावले तर एंजिनाचे काय होते? प्राणवायू वाढला की त्याच मापाने इंधन वाढले पाहिजे. थोडे जरी कमी पडले तर ज्वाळा इतकी प्रखर होते की दट्ट्याचे अॅल्युमिनियम मेणासारखे वितळते. ठिणगीची वेळही बदलावी लागते. सिलिंडरमधला दाब वाढतो तो कनेक्टिंग रॉडवर, बेअरिंगवर, हेडच्या गॅस्केटवर, आणि हे भाग त्या दाबासाठी घडवलेले नसतात. आणखी एक गोष्ट खास आपल्या हवेची. हा वायू ३६.४ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव राहत नाही, आणि टाकीतला दाब झपाट्याने चढतो. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद गाडीत तर त्याहून फार पुढे जातो. थंड देशात मोटारीच्या मागे बिनघोर ठेवलेली टाकी येथे वैशाखात तशी ठेवता येणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही कारखान्याने ठरवलेल्या रचनेत असा बदल करू देत नाही.

पण टाकी आपल्या गावात येईल अशी आमची भीती नाहीच. आमची काळजी निराळी आहे. टाकी न आणताही आपण उचल घेत आहोत. डिझेलचा पंप फिटरकडून वाढवून घ्यायचा, काळा धूर निघाला की एंजिन जोरात आहे म्हणून समाधान मानायचे, आणि दोन ट्रॉल्यांवर ऊस शीग लावून भरायचा. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. हवा कमी पडून न जळलेले डिझेल ते. घाट चढून आल्याबरोबर तापलेला टर्बो मिनिटभरही निवू न देता एंजिन बंद करायचे, म्हणजे त्याच्या बेअरिंगमधले तेल तेथेच जळून काजळी धरते. हे नुकसान पैशाने भरून निघेल. न भरून येणारे नुकसान पुढेच आहे.

एंजिनाची ताकद वाढवली म्हणजे ब्रेकची वाढत नाही. वेग दीडपट झाला की गाडी थांबवायला सव्वादोनपट जोर लागतो. हे गणित कोणत्याही फिटरला पाना फिरवून बदलता येत नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. आणि हंगाम संपला म्हणजे त्याच ट्रॉलीवर बिऱ्हाड चढते: भांडी, गोवऱ्या, शेळी, कोयते, आणि त्यांच्यावर बसलेल्या बाया आणि लेकरे. रात्रीच्या उतारावर त्या ट्रॉलीचा भार पुढच्या ट्रॅक्टरला लोटू लागतो तेव्हा पंप किती वाढवला होता हे कोणी विचारीत नाही. दर हंगामात अशा अपघातांच्या वार्ता आपण वाचतो, आणि त्यांतील माणसे आपल्याच तालुक्यांतली असतात.

इतिहासातून आम्हांला जे दिसले ते थोडक्यात मांडतो. एंजिनाला श्वास अधिक देण्याची इच्छा वाईट नाही. त्या इच्छेनेच लेहला विमान उतरले आणि विहिरीचे पाणी वर आले. पण बेंटली यांची शंका, कमिन्सच्या गाडीतला रबराचा चुरा, जर्मनांची रिकामी होणारी टाकी, या सर्वांतून हेच दिसते की वाढवलेल्या ताकदीचा हिशेब यंत्राच्या दुसऱ्या कुठल्या तरी भागाला चुकवावा लागतो. तो भाग कोणता, हे आधी शोधतो तो खरा कारागीर. जुना कासार भाता मारताना डोळा मुशीवर ठेवी. मूस तडकण्याच्या आत हात थांबला पाहिजे, हे तो बापाच्या शेजारी बसून शिकलेला असे.

ज्या मुलांनी हा प्रश्न विचारला त्यांना आमची एक विनंती आहे. एंजिनाची आवड सोडू नका. आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनात ही विद्या आज शिकता येते. होळकरांना जी विकत घ्यावी लागली ती तुम्हांला वह्या-पुस्तकांच्या मोलात मिळते. ती शिका, आणि पुढच्या दसऱ्याला गाडी जोडण्यापूर्वी पंपाला हात लावण्याआधी ट्रॉलीचे ब्रेक, टायर आणि मागचे लाल दिवे तपासा. वर कोण बसणार आहे ते तुम्हांला ठाऊक आहे.